अंड्याला रविवार नसतो

४ जानेवारी

मावशी यांस,
नमस्कार.

हे पत्र बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल. लिहिताना मलाही वाटतंय. पत्ता आईकडून घेतला. फोनच करणार होते, पण आई म्हणाली, "फोनवर तिला अक्षर ऐकू येत नाही. उबवणी केंद्रातल्या पंख्यांनी कान खाल्लेत तिचे. काय ते लिहून विचार."

मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. चोवीस मुलं आहेत. यंदा शाळेने 'जीवनचक्र पेटी' मागवली आहे. एक कंपनी बारा अंडी, काचेसारख्या झाकणाची उबवण्याची पेटी, तापमापक आणि पुस्तिका असं सगळं घरपोच देते. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात. दोन आठवडे ती वर्गात राहतात आणि मग कंपनीची गाडी येऊन त्यांना परत शेतावर नेते.

पुस्तिकेत सगळं नीट दिलंय, तेव्हा तुमचा फार वेळ घेत नाही. प्रश्न एकच. सुट्टीला शाळेची वीज मुख्य खटक्यावरून बंद करतात. शनिवारी दुपारी बंद झाली की सोमवारी सकाळीच चालू. एवढ्याने काही बिघडतं का?

गैरसमज नको म्हणून सांगते, तुमच्या कामाबद्दल माझं मत वीस वर्षांपूर्वी जे झालं ते अजून तेच आहे. पण तुम्ही एकतीस वर्षं तिथे होतात आणि या विषयातलं दुसरं कुणी माझ्या ओळखीचं नाही. उत्तर दोन ओळींत दिलंत तरी चालेल.

आपली,
भाची


७ जानेवारी

ठमे,

आशीर्वाद. हो, आशीर्वादच. तुझं ते 'मावशी यांस' वाचून मला वाटलं पाणीपट्टीची नोटीस आली. लहानपणी माझ्या पदराला नाक पुसायचीस तेव्हा 'तू' होते, आता 'तुम्ही' झाले का?

दोन ओळींत उत्तर हवंय ना, घे. अंड्याला रविवार नसतो. शनिवार ते सोमवार थंड ठेवलीस तर तुझ्या वर्गाला जीवनचक्र दिसेल ते कुजलेल्या वासाचं. तास-दोन तास वीज गेली तर पेटीवर जाड चादर टाकून निभावतं, दोन दिवस निभत नाही.

आता तू विचारलं नाहीस तेही सांगते, कारण तुझी पुस्तिका ज्याने लिहिली त्याने अंडं फक्त ताटात बघितलेलं असणार. अंडी प्रवासातून येतात, ती आली तशी पेटीत टाकायची नाहीत. एक दिवस निवांत पडू द्यायची. निमुळतं टोक खाली, फुगीर बाजू वर. पिल्लू श्वास घेतं तो पहिला वारा त्या फुगीर बाजूला असतो. दिवसातून तीन वेळा अंडी फिरवायची, म्हणजे आतला जीव एका अंगाला चिकटत नाही. कुठली फिरवली ते कळायला पेन्सिलीने बारीक फुली मारायची. पेन्सिलीनेच. अंड्याचं कवच दगड नाही, चाळण आहे. ते श्वास घेतं. हे मी शाळेत नाही शिकले, शाळेत मी फारशी गेलेच नाही. म्हणून कदाचित लक्षात राहिलं.

आणि ते शेत. कुठलं गं शेत? कंपनीला पत्ता विचार. मलाही कळू दे, असं सोन्याचं शेत कुठे पिकतं ते.

तुझी,
मावशी


१३ जानेवारी

मावशी यांस,
नमस्कार.

माहितीबद्दल आभार. सुट्टीचा प्रश्न सुटला आहे. आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, वीज चालू ठेवायला परवानगी दिली. अट अशी की सुट्टीच्या दिवशी मी स्वतः येऊन बसायचं. बसते.

तुमचं पत्र मिळण्याआधीच एक गोष्ट होऊन गेली होती. ती लपवण्यासारखी नाही, म्हणून सांगते. दोन मुलांमागे एक अंडं असे गट पाडले आणि प्रत्येक गटाने आपल्या अंड्यावर तैलरंगाने चेहरा काढला. मिशा काय, चष्मे काय, वर्ग हसून लोळत होता. मोठ्या बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी वरून चकाकीचा, म्हणजे वॉर्निशचा, हात द्यायला सांगितलं, कारण पिल्लं निघतील त्या दिवशी वरचे साहेब बघायला येणार आहेत. पाच अंड्यांनंतर चकाकीची बाटली संपली. १० तारखेला अंडी पेटीत ठेवली. पुस्तिकेत रंगाबद्दल काहीही मनाई नाही.

वर्गात एक किडकिडीत मुलगी आहे. बोलली की टोचते, म्हणून मनातल्या मनात मी तिला टाचणी म्हणते. तिने विचारलं, "बाई, नर अंडी देत नाहीत. मग शेतवाले त्यांना कशाला ठेवतील?" मी सांगितलं, शेत मोठं असतं, सगळ्यांना जागा असते. तिचं समाधान झालं.

तुम्ही मला आठव्या वर्षी जे सांगितलंत ते मी कुठल्याही मुलाला सांगणार नाही. एवढं तरी मी तुमच्याकडून शिकले.

आपली,
भाची


१६ जानेवारी

ठमे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा चष्म्याने आणि एकदा चष्मा पुसून, कारण माझा विश्वास बसेना. अंड्याला तैलरंग? त्यावर चकाकी? अगं, मोठ्या बाईंच्या नाकातोंडाला तसाच एक हात देऊन बघ, किती वेळ हसतात. आणि हे म्हणे विज्ञान. आमच्याकडे अंडी वाहणाऱ्या बाया अंगठा उठवायच्या त्यांना यापेक्षा जास्त कळायचं. बाटली संपली म्हणून काही वाचली असतील तर वाचली. शाळेत सामान कमी पडलं, हेच त्यांचं नशीब.

आता ऐक. रंग नखाने खरवडून काढ. कोरडाच. पाणी नाही, रॉकेल नाही, साबण नाही. मग अंधार करून एकेक अंडं विजेरीवर धर. आत तांबड्या शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे. नुसतं पिवळट दिसलं किंवा काळं कडं दिसलं तर संपलं. ते अंडं बाहेर काढ, नाहीतर फुटून सगळ्यांना घाण करील.

दुसरं. केंद्रात आली होतीस तेव्हा तूच मला विचारलं होतंस. विसरलीस का? निळ्या पिंपाकडे बोट दाखवून म्हणालीस, "मावशी, ही कुठे जातात?" मी तासाला आठशे पिल्लं नर की मादी ते अंगठ्याने बघत होते. मादी पिवळ्या ट्रेमध्ये, नर पिंपात. मी हात न थांबवता म्हटलं, "कुठे नाही जात. पिंप भरलं की झाकण लावतात." मला शेत सांगता आलं असतं. मला ते सुचलंच नाही. आठ वर्षांच्या मुलीला खोटं बोललं तर ती मोठी होऊन आपल्याला कुठल्या तोंडाने भेटेल, असा माझा हिशेब. हिशेब चुकलाच म्हणा. खरं बोलले आणि तरी भेटली नाहीस.

आता विचारलं नाहीस तेही खरंच सांगते. दर सोमवारी आमच्या केंद्रात शाळांच्या पेट्या परत यायच्या. तुझी ही कंपनी की दुसरी, देव जाणे. पिल्लांच्या गळ्यात फिती असायच्या, पंखांना चमकी चिकटलेली असायची. पन्नास पोरांनी हाताळलेलं पिल्लू कुठलाच पोल्ट्रीवाला आपल्या कळपात घेत नाही, रोगाची भीती असते. त्यामुळे त्यांना अंगठा लावायचीही गरज नसायची. नर, मादी, सगळी पिंपात. संध्याकाळी घरी आले की माझ्या बोटांना चमकी असायची.

खरवड आधी. राग नंतर.

मावशी


२० जानेवारी

मावशी यांस,

तुम्ही किती कडवट झाला आहात याची तुम्हाला कल्पना नाही. आयुष्यभर जे केलंत तेच सगळं जग करतंय असं वाटल्याशिवाय तुम्हाला झोप येत नसावी. मी कंपनीला फोन केला. तिथल्या बाई अतिशय गोड बोलल्या. पिल्लं शेतावरच जातात म्हणाल्या. मी पत्ता विचारला तर म्हणाल्या, "आमच्या धोरणात पत्ता देणं बसत नाही." मी म्हटलं, फोटो तरी? तेही धोरणात बसत नाही.

अंडी खरवडली. शाळा सुटल्यावर मी एकटीच बसले होते, तर टाचणी दप्तर घेऊन परत आली. "बाई, तुम्ही मिशा का काढताय?" मी सांगितलं, अंड्यांना श्वास घ्यायचाय. ती शेजारी बसली आणि तिच्या नखांनी माझ्याहून छान खरवडलं. मग माझा कोट डोक्यावरून घेऊन आम्ही दोघींनी विजेरी धरली. सात अंड्यांत शिरा आहेत. एकात काहीतरी टुणकन हललं, तेव्हा तिने माझा दंड इतका करकचून धरला की वळ उठला. चकाकीवाली पाचही गेली.

मोठ्या बाई चिडल्या आहेत. साहेबांना आता काय दाखवायचं, नुसती पांढरी अंडी?

तुमच्यावर माझा विश्वास आहे असं समजू नका. पण समजा शेत नसलंच, तर सात पिल्लं कोण ठेवतं? मी दोन खोल्यांत राहते, चौथ्या मजल्यावर.

भाची


२३ जानेवारी

ठमे,

गोड बोलण्याचं सांगू नकोस. आमच्या मालकाच्या तोंडात तर मधाचं पोळं होतं.

२८ तारखेपासून अंडी फिरवणं बंद. पिल्लू चोच फुगीर बाजूला नेऊन बसतं, त्याची घडी मोडायची नाही. पेटीतल्या ताटलीत पाणी वाढव आणि झाकण बंद. बंद म्हणजे बंद. पहिलं टोक फुटल्यावर बाहेर यायला अर्धा दिवसही लागतो. तेव्हा कुणी झाकण उचललं तर आतली कातडी वाळून पिल्लाला शिंप्याने शिवल्यासारखी बसते आणि ते तिथेच मरतं. मदत करायची नाही. ज्याला मदतीची हौस आहे त्याला फळा पुसायला सांग.

साहेब येणार आहेत ना ३१ ला? पिल्लांना साहेब कळत नाहीत. ती त्यांच्या वेळेला निघतील. हे मोठ्या बाईंना कोण सांगणार ते मला ठाऊक आहे, म्हणूनच काळजी आहे.

कोण ठेवतं, हे मला आडून विचारू नकोस. मला काय विचारायचं ते सरळ विचार.

मावशी


२ फेब्रुवारी

मावशी,

साहेब अकराला आले. तेव्हा तीन पिल्लं बाहेर येऊन वाळली होती आणि चार अंड्यांना नुसते तडे गेले होते. मोठ्या बाईंनी एका अंड्याकडे बोट दाखवून "हे बघा, हे बघा" म्हणत झाकण उचललं. फोटोवाल्याला नीट मिळालं नाही म्हणून पुन्हा उचललं. मी म्हटलं, "बाई, नको." त्या हसत म्हणाल्या, "अहो, थोडी मदत करू या," आणि नखाने त्या अंड्याचा एक टवका काढला. तिसऱ्यांदा त्यांनी हात घातला तेव्हा मी झाकणावर हात दाबून उभी राहिले. साहेबांसमोर. "आता उघडणार नाही," म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि निघून गेले. मोठ्या बाई तेव्हापासून माझ्याशी कागदावरून बोलतात.

दुपारपर्यंत आणखी तीन निघाली. टवका काढलेलं निघालं नाही. चोच थोडा वेळ हलली, मग थांबली. सगळा वर्ग बघत होता. टाचणी म्हणाली, "बाई, मेलं का?"

माझ्या तोंडात "झोपलंय" आलं होतं. म्हटलं, "हो, मेलं."

"कशामुळे?"

"आपण मोठ्या माणसांनी झाकण उघडलं म्हणून."

दोन मुली रडल्या. टाचणी नाही रडली. म्हणाली, "मग शेत तरी खरं आहे का?" मी सांगितलं की मला माहीत नाही, पत्ता मागितला होता, दिला नाही. तर ती इतक्या तिरस्काराने माझ्याकडे बघत राहिली, की मला ती नजर ओळखीची वाटली. आठ वर्षांची असताना मी तुझ्याकडे तसंच बघितलं होतं. फरक एवढाच की तू खरं बोलली होतीस.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, आईलाही नाही. त्या दिवशी तू पाठमोरी असताना मी निळ्या पिंपातून एक पिल्लू उचललं होतं. माझ्या खाऊच्या डब्यात ठेवलं, झाकण घट्ट लावलं आणि डबा पिशवीत तळाशी घातला. बसमध्ये मी मनात त्याच्यासाठी घर बांधत होते. घरी येऊन डबा उघडला तर ते मेलेलं. तुझ्या पिंपात हजार मेली असतील, पण ते मी मारलं. मग मी आईला सांगितलं की मावशी पिल्लं मारते, मला पुन्हा पाठवू नकोस. ते सांगणं सोपं होतं.

सहा पिल्लं आहेत. कंपनीची गाडी १३ तारखेला येणार आहे. सरळ विचारतेय. तू घेशील का?

ठमी


५ फेब्रुवारी

ठमे,

मला माहीत होतं.

तेव्हा माझे कान शाबूत होते. फाटकाकडे जाताना तुझ्या पिशवीतून चिवचिव येत होती आणि तुझ्या बाहीला पिवळी लव चिकटली होती. राखणदाराला ऐकू जाऊ नये म्हणून मी मोठमोठ्याने बडबडत राहिले. आठवतं? त्याच्या सायकलबद्दल, त्याच्या सासूबद्दल, तोंडाला येईल ते. मनात म्हटलं, एक तरी जाऊ दे. डब्याला भोकं आहेत का, एवढं मात्र बघितलं नाही. दिवसभर हजारो अंड्यांच्या हवेची काळजी वाहणारी बाई मी, आणि माझ्या भाचीचा डबा तपासायला विसरले. आठ वर्षांच्या पोरीला काय कळणार होतं? मला कळत होतं. तेव्हा ते पिल्लू तुझ्या माथ्यावर घेऊन फिरू नकोस, माझ्याकडे दे. माझ्याकडे बरीच आहेत, त्यात एक.

मोठ्या बाईंबद्दल मी काही लिहीत नाही. टपालखातं पत्र परत पाठवील.

पिल्लं घेते. पण तुझ्या हातून पाठवू नकोस, तुझ्या डब्यांवर माझा भरवसा नाही. मी स्वतः १२ ला येते. खोकं मी आणते, भोकं पाडलेलं. चमकी, फिती, नावं काही नको. कंपनीला कळव की पिल्लं मेली. त्यांच्या शेतावर कुणी रडणार नाही.

तुझ्या टाचणीला सांग, मी आल्यावर किती नर हे विचारायचं नाही. माझा अंगठा एका क्षणात सांगेल, म्हणूनच मी तो लावणार नाही. एकतीस वर्षं पिल्लांचं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. आता त्यांनी आरवावं, मग मला कळू दे.

मावशी


१४ एप्रिल

मावशी,

खोकं घेऊन वर्गात आलीस आणि मोठ्या बाईंना "तुम्हीच का त्या मदतवाल्या?" म्हणालीस, ते मुलं अजून एकमेकांना करून दाखवतात. पुढच्या वर्षी मला तिसरी देणार नाहीत असं कानावर आलंय. देऊ नका म्हणावं.

टाचणी रोज विचारते, किती आरवले? मी तरी काय सांगू? तू कळवत नाहीस.

ठमी


१७ एप्रिल

ठमे,

काय कळवू? सहाही जिवंत आहेत आणि एकही कामाचं नाही. अंडं द्यायची कुणालाच घाई नाही. सगळे खाऊन माजलेत, मोठ्या बाईंसारखे छाती काढून फिरतात. एकाने माझा चष्मा पळवला. मी त्यांना दिवसभर शिव्या घालते आणि ते दिवसभर माझ्या मागे असतात.

आरवण्याचं म्हणशील, तर रोज सकाळी एकेक जण कुंपणावर चढतो, मान ताणतो, डोळे मिटतो आणि चोच उघडतो. शेजारीण खिडकीतून हात नाचवते, त्यावरून मोठ्याने होत असावं. पण कोण खरा आरवतो आणि कोण नुसतं तोंड उघडून साहेबांसारखा उभा राहतो, ते मला कसं कळणार? अटी घालताना शहाणपणा केला, कान गेलेत हे विसरले.

सुट्टी लागली की टाचणीला घेऊन ये. तिच्या घरच्यांना विचारून आण, पिशवीत घालून नको.

मी बोट दाखवीन. तुम्ही दोघी ऐका आणि मला लिहून द्या.

तुझी,
मावशी